बाभळीचा काटा आणि लांडग्याची धास्ती

येरवड्यात मुळा-मुठेच्या काठाने चाललं की बाभळी भेटतातच. कल्याणीनगरला लागून असलेल्या ज्या पट्ट्याला पुणेकर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतात तिथे त्या आहेत, आणि पुलांखालच्या पडीक जागांतही आहेत. कमरेएवढ्या कोवळ्या बाभळीजवळ थांबून एक डहाळी नीट पाहावी. प्रत्येक पानाच्या बुडाशी पांढऱ्या, सरळ काट्यांची जोडी असते. एकेक काटा दोन-अडीच इंचांचा, टोकाला सुईसारखा. मग शेजारच्या जुन्या, उंच बाभळीच्या वरच्या फांद्यांकडे पाहावं. तिथे काटे तोकडे असतात, काही फांद्यांवर जवळपास नसतातच. यात वयाचा भाग आहे; बाभूळ जून झाली की काटे कमी करते. पण काटा शेळीचं तोंड पोचतं तिथेच दाट का असावा, या प्रश्नामागे एक लांबलचक साखळी आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला लांडगा, बिबट्या, कोळी, ढेकूण असे प्राणी उभे आहेत. यांतला एकही पाला खात नाही.

काटा फुकट मिळत नाही. तो लाकडाचा बनतो, आणि त्यात गेलेला कर्ब पानांना, मुळांना, बियांना मिळत नाही. म्हणून झाड काटे उगाच काढत बसत नाही. केनियात ट्रुमन यंग यांनी 1980च्या दशकात तिथल्या एका बाभूळवर्गीय झाडाचा अभ्यास केला. ज्या फांद्या जनावरांनी ओरबाडल्या त्यांवर पुढचे काटे लांब आले, आणि ज्यांच्यापर्यंत तोंड पोचलं नाही त्यांवर आखूड. दक्षिण आफ्रिकेत कूपर आणि ओवेन-स्मिथ यांनी 1986मध्ये दाखवलं की काटे जनावराला थांबवत नाहीत, त्याचा वेग कमी करतात. कुडू आणि इम्पाला ही हरणं काय किंवा पाळीव शेळी काय, काट्यांच्या फांदीवर घास लहान होतो आणि मिनिटाला घेतलेले घास घटतात. येरवड्यातली शेळीही बाभळीचा पाला खातेच. फक्त ओठ पुढे काढून, दोन काट्यांच्या मधून एकेक पर्णिका वेचत. तेवढ्या वेळात झाडाचा बराच पाला वाचतो.

म्हणजे झाडाकडे हिशेब आहे तो चाव्यांचा. चावणारा प्राणी तिथे किती वेळ थांबला, सावकाश खाल्लं की भराभर, पुन्हा आला की नाही, यावर काट्यांची लांबी ठरते. आता विचार करा, त्या प्राण्याचं तिथे थांबणं कोण ठरवतं? चारा आणि पाणी ठरवतात, हे खरं. पण त्यात जीव जाण्याच्या धास्तीचाही मोठा वाटा असतो. शिकारी प्राणी वर्षाला किती हरणं मारतो हा आकडा आपण मोजतो. न मारलेल्या हरणांना तो कुठे जाऊ देत नाही, हे मोजायची आपल्याला सवय नाही. माझ्या मते शिकारी प्राण्याचं जंगलावरचं खरं राज्य तिथेच आहे.

याचा सर्वांत भक्कम दाखला केनियातल्या लायकिपिया पठारावरचा आहे. अ‍ॅडम फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ऑक्टोबर 2014मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. तिथे इम्पालांचे कळप आहेत, त्यांना मारणारे बिबटे आहेत, आणि रानकुत्रेही आहेत. तिथे पाल्याची कमतरता नाही. तरीही ती दाट झुडपात शिरायला कचरतात आणि बराच काळ उघड्या माळावर काढतात, कारण झुडपात दबा धरून बसलेला बिबट्या दिसत नाही. गळ्यात उपग्रह-पट्टे बांधून संशोधकांनी हरणं कुठे वावरतात आणि कुठे मारली जातात हे दोन्ही तपासलं.

मग त्यांनी झाडं पाहिली. त्या पठारावर बाभूळवर्गातल्या दोन जाती सर्रास आढळतात. एकीचे काटे सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात, दुसरीचे सहा मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत. इम्पाला जिथे निर्धास्त चरतात त्या उघड्या जागांवर लांब काट्यांची जात भरपूर होती. जिथे जायला इम्पाला घाबरतात त्या दाट झुडपांत आखूड काट्यांच्या जातीचं प्रमाण वाढत होतं. काट्यामुळेच हा फरक पडतो की आणखी कशामुळे, हे ठरवण्यासाठी त्यांनी एक साधा, देखणा प्रयोग केला. लांब काट्यांच्या फांद्यांवरचे काटे काढून टाकले आणि ते आखूड काट्यांच्या फांद्यांवर बांधले. इम्पालांनी आपली निवड बदलली. बोडक्या झालेल्या फांद्या त्यांनी अधिक खाल्ल्या, काटे चढवलेल्या कमी.

फोर्ड यांच्या निष्कर्षाचा अर्थ असा, की झाडासमोर जगायचे दोन रस्ते होते. एक म्हणजे स्वतः काटे वाढवायचे. दुसरा म्हणजे बिबट्याच्या आसऱ्याला जगायचं. ज्या झाडावर बिबट्याची सावली आहे त्याला काट्यांवर खर्च करावा लागत नाही. बिबटे आणि रानकुत्रे नाहीसे झाले तर इम्पालांना दाट झुडूपही मोकळं होईल, आणि आखूड काट्यांच्या झाडांचा निभाव लागणार नाही.

आता हे सगळं आपल्या पठारावर आणू. दख्खनच्या माळावरची काटेरी झाडं म्हणजे तोडलेल्या जंगलाचा उरलासुरला अवशेष, असं पुष्कळांना वाटतं. वस्तुस्थिती वेगळी आहे. 2025मध्ये आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतले दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोकपरंपरेतले वनस्पतींचे उल्लेख गोळा करून एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रातला काटेरी, गवताळ माळ शेकडो वर्षांपूर्वीही असाच होता, हे त्यातून पुढे आलं. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात संत कान्होपात्रेची आठवण म्हणून तरटीचं झाड दाखवतात. तरटी ही याच माळाची काटेरी वनस्पती.

याहूनही मागे जायचं तर येरवड्यातच जावं लागेल, डेक्कन कॉलेजमध्ये. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे 1968 ते 1983 या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. तिथल्या हाडांमध्ये गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या यांच्याबरोबर काळविटासारख्या रानातल्या शिकारीचीही हाडं सापडली. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी या माळावर पाळीव शेळी आणि रानटी काळवीट एकाच पाल्यागवताचे वाटेकरी होते. त्यांच्यावर नजर ठेवणारे लांडगे होते. चित्ताही होता, जो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतातून संपला. काटा, चरणारा आणि मारणारा ही तिन्ही मंडळी इथली जुनी रहिवासी आहेत.

पण केनियाचा नकाशा इथे जसाच्या तसा ठेवून चालणार नाही. बिबट्या दबा धरतो. लांडगा आणि चित्ता प्रामुख्याने पाठलाग करून मारतात. दबा धरणाऱ्याचं भय झुडपात असतं. पाठलाग करणाऱ्यापासून वाचायचं तर लांबवर नजर जायला हवी आणि पळायला मोकळं रान हवं. काळवीट म्हणूनच उघड्या माळाचा प्राणी आहे. बिबट्या आणि लांडगा दोन्ही असतील तिथे दाट जागा काळविटासाठी अधिकच वाईट ठरते. चिंकारा काळविटाइतका गवतावर अवलंबून नसतो. तो बोरीबाभळीचा पाला, कोवळे शेंडे, शेंगा खातो. त्यामुळे काट्यांचा हिशेब त्याच्याशी जास्त जुळतो. बारामती तालुक्यात सुप्याला पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथे चिंकारे सहज दिसतात. त्याच भागात, सासवड-दौंड-इंदापूरच्या माळांवर, लांडगे अजून आहेत.

आणि तिथे धनगरही आहेत. मेंढरं रात्री वाघरीत कोंडायची, कळपाबरोबर कुत्री ठेवायची, कोकरं सांभाळायची, तिन्हीसांजेला माळ सोडून वाड्याजवळ यायचं. या सगळ्या शिस्तीत लांडग्याच्या भीतीचा वाटा आहे. ज्या माळावर लांडगा आहे तिथे मेंढरू किंवा शेळी एकटी, रात्रीबेरात्री, हवी तिथे चरत नाही. येरवड्याच्या नदीकाठी मोकाट सोडलेल्या शेळीला तसा धाक नाही. ती एकाच बाभळीशी तासभर उभी राहू शकते, मागच्या पायांवर उभी राहून माणसाच्या डोक्याच्या वरचा पालाही ओढू शकते. दोन्हीकडे शेळी तीच आणि बाभूळही तीच, पण झाडाला सोसावे लागणारे चावे वेगळे.

भीती वागणं किती बदलते हे आपल्याच मातीत मोजलंही गेलंय. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात अबी तमीम वनक, मारिया ठकार आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी खोकडांसाठी खाद्याची ताटं मांडली आणि जवळ कुत्रा ठेवून पाहिलं. हा अभ्यास 2009मध्ये छापून आला. कुत्रा समोर असताना खोकडांचं खाणं घटलं आणि मान वर करून टेहळणं वाढलं. कुत्र्याने एकाही खोकडाला तोंड लावलेलं नव्हतं. आज शहरांच्या कडेच्या माळांवर आणि नदीकाठांवर सर्रास वावरणारा शिकारी म्हणजे भटका कुत्रा. त्याच्या धास्तीने सशाचं, खोकडाचं, मोराचं चरणं कुठे सरकतं, याकडे वनस्पतींच्या अंगाने पाहायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

मोठ्या जनावरांवर असे प्रयोग करणं अवघड असतं. किड्यांवर सोपं. म्हणून या विषयातलं सर्वांत स्वच्छ ज्ञान किड्यांकडून आलं. अमेरिकेत ऑसवाल्ड श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकतोड्यांच्या पिंजऱ्यांत कोळी सोडले, पण त्या कोळ्यांची तोंडं गोंदाने चिकटवून टाकली होती. 1997मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कोळी कुणाला मारू शकत नव्हता, फक्त दिसत होता. तरीही नाकतोड्यांनी आवडतं गवत सोडून आडोसा देणाऱ्या रानटी रोपांकडे मोर्चा वळवला. गवत वाचलं, रोपांवर चावे वाढले. एकाही शिकारीविना शेताचा चेहरा बदलला.

आता चावा झाडाच्या आत काय करतो ते पाहू, कारण गोष्टीचा कणा तोच आहे. 1972मध्ये ग्रीन आणि क्लॅरेन्स रायन यांनी दाखवलं की बटाट्याच्या किंवा टोमॅटोच्या एका पानावर भुंगेरा चरला की काही तासांत दूरच्या पानांतही प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं साठू लागतात. ही द्रव्यं अळीच्या पोटातल्या पाचक रसांना बांधून ठेवतात. अळी खात राहते, पण अंगी लागत नाही. जखमेचा निरोप पुढे नेणारं मुख्य रसायन म्हणजे जॅस्मॉनिक आम्ल. पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, अशोक गिरी आणि विद्या गुप्ता यांच्या गटाने मिरचीतल्या अशाच द्रव्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. हरभऱ्यावरच्या घाटेअळीची वाढ ती कशी रोखतात हे त्यांनी तपासलं.

हे तंत्र काट्यासारखंच खर्चिक आहे, म्हणून तेही चाव्यांच्या हिशेबाने चालतं. जेनिफर थेलर आणि सहकाऱ्यांनी टोमॅटो-तंबाखूवर येणारी एक मोठी हिरवी अळी आणि तिला सोंड खुपसून मारणारा एक शिकारी ढेकूण घेतला. ढेकणाची सोंड निकामी केली तरी, तो आसपास असला की अळी जवळपास एक तृतीयांश कमी खाते. खाताना हालचाल होते आणि ढेकणाला ती कळू शकते, म्हणून अळी दबून राहते. झाडाला ढेकूण कळत नाही, त्याला फक्त चावे कमी झाल्याचं कळतं. त्यामुळे झाडाचा प्रतिकारही कमी जागा होतो, हे 2006च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. याची दुसरी बाजूही आहे. प्रतिकार मंदावलेलं झाड नंतर आलेल्या दुसऱ्या किड्याला खायला सोपं पडतं. म्हणजे आज आलेला ढेकूण उद्याच्या पाहुण्याचं ताट वाढून ठेवतो. ‘शिकारी म्हणजे झाडाचा मित्र’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

सागर पंडित आज आयसर पुण्यात आहेत. त्याआधी जर्मनीत इयन बॉल्डविन यांच्या गटात असताना पवन कुमार आणि इतरांबरोबर त्यांनी जे शोधलं, त्याने तर झाडाचा बचाव नक्की कुणाचा हाच प्रश्न उभा केला. अमेरिकेतल्या वाळवंटी भागात वाढणारी रानटी तंबाखू पानांत निकोटिन भरते. बहुतेक किड्यांना ते विष आहे. पण तंबाखूवरच्या अळीला एका जनुकाच्या मदतीने थोडं निकोटिन आतड्यातून रक्तासारख्या द्रवात घेता येतं, आणि अंगावरच्या श्वसनछिद्रांतून ती ते बाहेर सोडते. रात्री शिकार करणारा लांडगा कोळी अळीजवळ येतो, त्या वासाने मागे फिरतो. संशोधकांनी ते जनुक बंद पाडलं, तेव्हा कोळ्यांनी अळ्या फस्त केल्या. निकोटिन न बनवणाऱ्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचीही तीच गत झाली. हा शोधनिबंध 2014चा आहे. झाडाने शत्रूवर फेकलेलं हत्यार शत्रूने उचललं आणि झाडाच्या रक्षकावर रोखलं. झाडाने आता निकोटिन वाढवावं की कमी करावं? कोळी कुठे किती आहेत यावर त्याचं उत्तर अवलंबून आहे.

काही झाडं भीतीचाच वापर करतात. लेडीबर्ड भुंगेऱ्याने माव्याला पकडलं की मावा शेपटाकडच्या दोन नळ्यांतून एक थेंब सोडतो. त्याचा वास लागताच शेजारचे मावे सोंडा उपसून चालू लागतात किंवा सरळ खाली पडतात. 1983मध्ये गिब्सन आणि पिकेट यांनी दाखवलं की बोलिव्हियातल्या एका रानटी बटाट्याच्या पानांवरचे बारीक केस हाच धोक्याचा वास सोडतात. भुंगेरा आलेलाच नसतो, पण मावे पळतात. ही युक्ती गव्हात आणायचा प्रयत्न ब्रिटनच्या रोथमस्टेड संस्थेने केला. जनुक बदललेल्या गव्हाने प्रयोगशाळेत मावा हाकलला. शेतात मात्र काही फरक पडला नाही, असं त्यांनी 2015मध्ये प्रामाणिकपणे जाहीर केलं. खरा मावा धोका आला तेव्हाच वास सोडतो, गहू तो रात्रंदिवस सोडत होता. सततच्या इशाऱ्याला कुणी भीक घालत नाही, हे त्या अपयशाचं एक पटण्यासारखं कारण मानलं जातं.

अपयशाच्या गोष्टी सांगायलाच हव्यात. केनियात ज्या फोर्ड यांनी बिबट्या आणि काटे यांचं नातं दाखवलं, त्यांनीच पुढच्या वर्षी त्याच पठारावरचा उलटा निकाल छापला. रानकुत्रे परतल्यावर डिकडिक या छोट्या हरणांची संख्या घटली, पण झाडांवरचं चरणं त्याने कमी झालं नाही. अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये 1995-96 साली लांडगे आणल्यावर झाडं-झुडपं वाढली, ही गोष्ट जगभर गाजली. लांडग्याच्या धाकाने एल्क हरणं खरंच झाडं सोडून गेली का, यावर तिथले शास्त्रज्ञ आजही भांडतात. लांडगा आणला की जंगल आपोआप उभं राहतं, असा कुठलाच नियम नाही. शिकारी कसा मारतो, चरणारा काय खातो, पळायला जागा किती आहे, झाड कुठल्या वयात आहे, या सगळ्यांवर निकाल ठरतो.

म्हणूनच पुण्याच्या आसपास माळ आणि टेकड्या ‘हिरव्या’ करण्याच्या उत्साहात सरसकट झाडं लावली जातात तेव्हा मला काळजी वाटते. गिरिपुष्पाच्या रांगा लावलेल्या माळावर चिंकाऱ्याला लांडगा दुरून दिसत नाही. दाट लागवड केली की भीतीचा नकाशा पुसून नवा काढला जातो. मग चिंकारा कुठे चरेल आणि कुठली बोर, कुठली बाभूळ ओरबाडली जाईल, तेही बदलतं. नदीकाठच्या काटेरी झुडपांचंही तसंच आहे. सुशोभीकरणात बाभळी-बोरी ‘काटेरी कचरा’ म्हणून प्रथम जातात. पण वटवट्या, शिंपी हे किडे टिपणारे पक्षी त्याच गचपणात घरटी करतात आणि कोतवाल त्याच फांद्यांवरून झडप घालतो.

या पक्ष्यांचा उपयोग शेतकऱ्यांना ठाऊक आहे. हरभऱ्यात घाटेअळी आली की ती घाट्याला भोक पाडते, डोकं आत घालते आणि अर्धं अंग बाहेर ठेवून दाणे खाते. त्या वेळी ती वरून सहज दिसते. कृषी विद्यापीठं म्हणूनच शेतात टी आकाराचे पक्षी थांबे रोवायला सांगतात. साळुंक्या आणि कोतवाल त्यावर बसून अळ्या टिपतात. थांबे विकत घ्यायचे नसतील तर हरभरा पेरतानाच त्यात मूठभर ज्वारी किंवा मका मिसळतात. दाणे हरभऱ्याच्या ओळींत उगवतात, ताटं पिकाच्या वर डोकं काढतात, आणि कोतवालाला बसायला जागा मिळते.